नाताळचे झाड, बेगडाविना

अल्सास प्रांतातील सेलेस्टा या लहानशा नगराच्या दफ्तरात १५२१ सालची जमाखर्चाची एक वही आजवर जतन करून ठेवलेली आहे, आणि तिच्या एका कलमात असे नमूद आहे की, संत थॉमसच्या सणापासून, म्हणजे डिसेंबरच्या २१ तारखेपासून, रानातील झाडांची राखण करण्याबद्दल वनरक्षकांना चार शिलिंग अदा करण्यात आले. नाताळच्या झाडाचा लेखी इतिहास अशा रीतीने सरकारी खर्चाच्या एका बाबीपासून सुरू होतो. आणि तिच्यावरून एवढे अनुमान सहज काढता येते की, ऐन हिवाळ्यात, बाकीचे रान निष्पर्ण झालेले असताना, हिरवे राहिलेले झाड तोडून घरी आणण्याची वहिवाट त्या मुलखात तोवर इतकी रूढ झाली होती, की तिच्यावर पहारा बसविणे नगराला भाग पडले. ती झाडे घरी नेऊन लोक त्यांवर काय चढवीत, याविषयी मात्र वही मौन पाळते. ते कळण्यासाठी चौऱ्याऐंशी वर्षे पुढे यावे लागते.

१६०५ साली त्याच प्रांतातील स्ट्रासबुर्ग शहरात उतरलेल्या एका अनाम प्रवाशाने लिहून ठेवले आहे की, नाताळात तेथील लोक दिवाणखान्यांत फरची झाडे उभी करतात आणि त्यांवर रंगीबेरंगी कागदांचे कातरलेले गुलाब, सफरचंदे, पिठाच्या पातळ पापड्या, सोनेरी वर्ख आणि साखरेचे पदार्थ टांगतात. ही यादी सामान्य नव्हे. डिसेंबरची २४ तारीख हा जुन्या पंचांगात आदाम आणि एवा यांचा दिवस. त्या दिवशी चर्चच्या आवारात नंदनवनाचे जे नाटक होत असे त्यातील निषिद्ध फळाचे झाड म्हणजे सफरचंदांनी लगडलेले हे फरचे झाड, अशी बहुतेक अभ्यासकांची धारणा आहे. सफरचंद हे पतनाचे चिन्ह, तर पापडी ही प्रभुभोजनातील पवित्र भाकरीची, म्हणजे उद्धाराची खूण. आणि कागदाचा गुलाब हा यशया संदेष्ट्याच्या भविष्यवाणीतील, इशायाच्या मुळातून फुटणाऱ्या अंकुराचा प्रतिनिधी. पाप, प्रायश्चित्त आणि आशा ही तिन्ही एकाच फांदीवर शेजारी शेजारी लोंबत असत, आणि सण संपला की त्यांतील बराचसा भाग मुलांच्या पोटात जात असे.

या यादीत सोनेरी वर्खाचे नाव आहे, हे दडवून ठेवण्याचे कारण नाही. चकाकीचा मोह या झाडाला पहिल्यापासूनच आहे, आणि ज्या काळी घरात तेलाच्या वा मेणाच्या दोनचार ज्योतींपलीकडे रात्रीचा उजेड नव्हता त्या काळी तो असावा हे स्वाभाविकच होते. प्रश्न आहे तो चकाकी कोणत्या वस्तूतून आली, किती आली आणि तिने झाडाचे काय केले याचा.

आज ज्याला आपण बेगड म्हणू, त्या चंदेरी झिरमिळ्यांचे कूळ पाहू जाता ते थेट जरीच्या कुळाशी जाऊन मिळते. चांदीची किंवा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याची सळई पोलादी पट्टीतील क्रमाक्रमाने लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढून तिची केसासारखी तार करावयाची, ती तार दोन रुळांमध्ये चेपून चपटी करावयाची, आणि मग ती एकतर धाग्यावर गुंडाळावयाची किंवा तशीच सुटी वापरावयाची, ही विद्या फ्रान्समधील ल्योँ नगरातून सोळाव्या शतकात न्यूरेंबर्गच्या परिसरात आली आणि पुढे रोट वगैरे फ्रँकोनियातील गावांत स्थिरावली. आपल्याकडे चपट्या तारेला बादला म्हणतात आणि रेशमावर गुंडाळलेल्या तारेला कलाबतू. पैठणीच्या पदरात जी जर झळकते तिची आणि जर्मन झाडावरल्या जुन्या बेगडाची घडण मुळात एकच. धर्मगुरूंची वस्त्रे, सरदारांचे गणवेश आणि चर्चची आच्छादने यांच्यासाठी निघणाऱ्या या तारेचे तुकडे झाडावर चढले तेव्हा त्यांना श्रमाचे आणि धातूचे मोल होते, म्हणून ते मोजकेच असत. जर्मनीतील वयस्क लोक अजून सांगतात की, सण सरल्यावर घरातली आजी एकेक झिरमिळी फांदीवरून उतरवून, हाताने सरळ करून, कागदात गुंडाळून पुढच्या वर्षासाठी ठेवून देई.

परंतु चांदी मेणबत्तीच्या धुराने काळवंडते, आणि ती महागही. तिच्या जागी कथील आले, शिसे आले. शिशाची पट्टी स्वतःच्या वजनाने सरळ लोंबते, वाऱ्याने हलत नाही, काळी पडत नाही, म्हणून ती दीर्घकाळ लोकप्रिय राहिली. आणि ज्या झाडाखाली लहान मुले दिवसभर रांगत त्या झाडावर ती पिढ्यान्‌पिढ्या टांगली गेली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने उत्पादक आणि आयातदार यांच्याशी बोलणी करून १९७२ च्या आरंभापासून शिशाचा बेगड बाजारातून मागे घेवविला. पुढे जागा घेतली ती प्लॅस्टिकच्या पातळ पटलावर धातूचा थर चढविलेल्या पट्ट्यांनी. त्या इतक्या हलक्या असतात की नीट लोंबत नाहीत, आणि इतक्या स्वस्त असतात की कोणी त्या परत गुंडाळून ठेवीत नाही. मांजर असलेल्या घरात तर त्या साक्षात धोक्याच्या. गिळलेली लांब पट्टी आतड्यात अडकून जनावराच्या जिवावर बेतते, असे पशुवैद्य दर नाताळात बजावून सांगतात.

माझा आक्षेप मात्र या धोक्यांपेक्षा अधिक मूलगामी आहे. फरचे किंवा स्प्रूसचे झाड स्वतः सुंदर असते. त्याच्या फांद्या खोडाभोवती मजल्यामजल्यांनी निघतात, दोन मजल्यांमध्ये काळोखाची एक पोकळी राहते, आणि या पोकळीतच प्रत्येक टांगलेली वस्तू सुटी, स्वच्छ आणि स्वतंत्र दिसते. बेगड हा काळोख बुजवून टाकतो. तो सर्व झाडावर सारखा पसरत असल्यामुळे डोळ्याला विसाव्याची जागा उरत नाही, आणि जी लखलख सर्वत्र आहे ती कोठेच पाहावीशी वाटत नाही. बेगडाविना झाड सजवावयाचे म्हणजे त्यातून काही वजा करावयाचे, असा पुष्कळांचा समज असतो. माझ्या मते ते झाडाला त्याची छाया परत देणे होय. ही छाया मिळाली की तिच्यात काय टांगावे याचा विचार आपोआप गंभीरपणे करावा लागतो, आणि त्यासाठी ज्या दोन डोंगरी मुलखांनी आपली सारी प्रतिभा खर्च केली तिकडे वळणे क्रमप्राप्त आहे.

थुरिंगियाच्या अरण्यात लाउशा नावाचे गाव आहे. हान्स ग्राइनर आणि क्रिस्टोफ म्युलर या दोन काचकारांना कोबुर्गच्या ड्यूकने १५९७ साली भट्टी घालण्याची सनद दिली, कारण तेथे वाळू होती, सरपण अमाप होते आणि पाणी वाहते होते. प्रथम पेले आणि बाटल्या, मग मणी, मग बाहुल्यांचे डोळे, आणि १८३५ साली लुडविग म्युलर-उरी याने केलेले माणसांचे कृत्रिम डोळे, अशी चढती भांजणी पार करीत हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास काचेच्या गोळ्यांपर्यंत पोचले. १८४८ सालच्या एका मागणीवहीत नाताळच्या काचगोळ्यांची नोंद सापडते. गावात दंतकथा अशी की, सफरचंदे आणि अक्रोड विकत घेण्याची ऐपत नसलेल्या एका काचकाराने आपल्या मुलांसाठी ती काचेची फुंकली. लोरेन प्रांतातील मायझेंटाल या काचकारांच्या गावी हीच गोष्ट निराळ्या तपशिलाने सांगतात: १८५८ साली अवर्षणामुळे सफरचंदे पिकली नाहीत, म्हणून झाडासाठी काचेची सफरचंदे केली. या दोन कथांपैकी कोणतीही कागदोपत्री सिद्ध झालेली नाही. तथापि दोन्हींत काचेचा गोळा हा सफरचंदाचा वारस ठरतो, आणि त्याचा आकार, त्याचा जुना लाल रंग आणि त्याची टांगण्याची जागा पाहिली की हा वारसाहक्क मान्य करावासा वाटतो.

लाउशाच्या कार्यशाळांत आजही कारागीर वायूच्या ज्योतीसमोर बसलेला दिसतो. काचेची पोकळ नळी तो ज्योतीत फिरवीत तापवितो, दोन्ही टोके ओढून त्यांच्या बारीक दांड्या करतो, मधला फुगवटा पुन्हा लाल होईपर्यंत फिरवितो, आणि मग एका श्वासात तो गोळा फुंकतो. साच्यातला अक्रोड किंवा पक्षी असेल तर तापलेला फुगवटा साच्यात धरून फुंकतो. हा श्वास किती द्यावा याचे माप कोठेही लिहिलेले नाही. जोर कमी झाला तर भिंत जाड राहते, जास्त झाला तर ती कागदाहून पातळ होऊन फुटते. गावात १८६७ साली वायूचा कारखाना निघाल्यानंतरच स्थिर, प्रखर आणि आवरता येणारी ज्योत हाती आली, आणि मोठे, पातळ गोळे शक्य झाले.

यानंतरची पायरी मला या साऱ्या विषयाचे मर्म वाटते. पूर्वी गोळ्याच्या आत शिसे आणि कथील यांचा रस फिरवून त्याला चकाकी देत. युस्टुस फोन लीबिग या रसायनशास्त्रज्ञाने सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून काचेवर शुद्ध चांदीचा थर बसविण्याची कृती शोधून काढल्यावर लाउशाने ती उचलली. द्रावण दांडीतून आत ओततात, गोळा कोमट पाण्यात धरून हलवितात, आणि थोड्याच वेळात पारदर्शक काच आतून आरसा होते. बेगडाची चांदी बाहेर उघडी असते, म्हणून धुराने काळवंडते. गोळ्यातील चांदी काचेच्या आड असल्यामुळे शंभर वर्षांनीही तशीच राहते. तीच धातू, तीच चकाकीची हौस. परंतु एका कारागिरीने तिला आश्रय दिला आणि ती वस्तू आजीकडून नातीकडे जाण्याजोगी झाली. मग गोळा लाखेच्या रंगात बुडवितात, हाताने नक्षी काढतात, दांडी कापतात आणि पत्र्याची टोपी बसवितात.

या सौंदर्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्याविषयी मौन बाळगणे अन्यायाचे होईल. एकोणिसाव्या शतकात हा धंदा घराघरांत चाले. पुरुष फुंकीत, बायका चांदी भरीत आणि रंगवीत, मुले टोप्या लावीत आणि खोक्यांत भरीत, आणि मग बायका पाठीवर प्रचंड टोपल्या घेऊन डोंगरातून झोनेबर्गच्या व्यापाऱ्यांकडे पायी माल पोचवीत. भाव व्यापारी मुक्रर करीत. अमेरिकेतील दुकानदार वूलवर्थ याने १८८० साली मोठ्या साशंकतेने थोडेसे काचगोळे विकत घेतले, ते हातोहात खपले, आणि त्यानंतर लाउशाचा माल समुद्रापार अधिकाधिक जाऊ लागला. परंतु मागणी वाढली म्हणून फुंकणाऱ्याच्या घरची चूल त्या प्रमाणात अधिक पेटली, असे म्हणवत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर हा मुलूख पूर्व जर्मनीत गेला, धंदा सरकारी उद्योगात सामावला गेला, आणि १९९० नंतर तो पुन्हा लहान कुटुंबांकडे आला. हाताने काच घडविण्याच्या विद्येला २०२३ साली युनेस्कोने मानवी वारशाच्या यादीत स्थान दिले, त्यात जर्मनी, फ्रान्स आणि चेकिया यांसह सहा देश आहेत.

दुसरा मुलूख सॅक्सनीतील एर्ट्सगेबिर्ग. तेथील झायफेन गावी कथलाच्या खाणी होत्या. खाणी आटत गेल्या तसतसे खाणकामगार लाकडाच्या कातकामाकडे वळले, आणि खनिजाच्या चुऱ्यासाठी फिरणारी पाणचक्क्यांची चाके चरक फिरवू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या सुमारास या कातारींनी जी एक कृती साधली तिचे वर्णन केल्यावाचून पुढे जाववत नाही. ओल्या स्प्रूसच्या खोडाची जाड चकती चरकावर चढवून कातारी तिला दोन्ही अंगांनी खोबणी पाडीत जातो. पाहणाऱ्याला दिसते ते केवळ एक विचित्र, लहरी कंगोऱ्यांचे कडे. मग ते कडे सुरीने केकच्या कापांप्रमाणे चिरतात, आणि प्रत्येक चिरेच्या तोंडावर मेंढी, घोडा किंवा हत्ती प्रकट होतो; एकाच कड्यातून डझनावारी जनावरे निघतात, सगळी एका वळणाची. कातताना हे चित्र कारागिराला दिसत नाही. आडवा छेद मनात धरून तो पाठीचा उतार, पोटाची गोलाई आणि पायांमधली पोकळी आंधळेपणाने काढतो. चिरल्यानंतर कडा घासतात, कान आणि शेपूट चिकटवितात, रंग देतात. हे कसब पूर्ण अवगत असलेले कातारी आज फारच थोडे उरले आहेत. त्यांच्या हातची, बोटाच्या पेराएवढी लाकडी मेंढी काळोख्या फांदीवर टांगली म्हणजे तिला शेजारी कसल्याही लखलखीची गरज भासत नाही.

गव्हाच्या किंवा रायच्या काडाच्या चांदण्या हा सर्वांत स्वस्त आणि, मला विचाराल तर, सर्वांत उदात्त अलंकार. काड कोमट पाण्यात भिजवितात, उभे चिरतात, इस्त्रीने सपाट करतात, आणि इस्त्री जितकी अधिक वेळ ठेवावी तितका त्याचा सोनेरी रंग तांबूस होत जातो. मग पट्ट्या एकमेकींवर तिरक्या ठेवून मध्यभागी दोऱ्याने आवळतात. गव्हाणीतील गवताची आठवण त्यात आहे. उजेड पडला की काडाचा पृष्ठभाग चकाकतो, पण मंदपणे, आणि केवळ एका कोनातून. म्हणजे पाहणाऱ्याने जागा बदलली तर चांदणी विझते आणि दुसरी पेटते. लिथुआनियात काडांचेच झुंबरासारखे अधांतरी बाग करतात; त्यांचीही नोंद युनेस्कोने २०२३ मध्येच घेतली. डेन्मार्कमध्ये लाल आणि पांढऱ्या गुळगुळीत कागदाच्या दोन पट्ट्या एकमेकींत विणून हृदयाच्या आकाराची छोटी टोपली करतात आणि तिच्यात मिठाई भरतात. परीकथाकार हान्स क्रिश्चन अँडरसन याने १८६० च्या सुमारास केलेले असे एक हृदय अद्याप टिकून आहे. दक्षिण जर्मनीत बडीशेपेचा गंध असलेली पांढरी बिस्किटे पेअरच्या लाकडात कोरलेल्या साच्यांत दाबून रात्रभर सुकू देतात, म्हणजे भाजताना वरचे चित्र पुसले जात नाही. दोरा ओवण्याचे भोक भाजण्यापूर्वीच पाडून ठेवावे लागते.

आता उजेडाविषयी. बेगडाचा खरा कैवार मेणबत्ती घेते. हलणाऱ्या ज्योतीसमोर टांगलेली पट्टी प्रत्येक झुळकीबरोबर निराळी दिसते, आणि ज्यांनी ते दृश्य बालपणी पाहिले त्यांना तिचे अगत्य वाटावे यात नवल नाही. गटे याच्या १७७४ सालच्या ‘वेर्टर’ या कादंबरीतही मेणदिवे, मिठाई आणि सफरचंदे यांनी सजलेल्या झाडाचा उल्लेख आहे. परंतु न्यूयॉर्कमध्ये १८८२ साली एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने झाडावर विजेचे दिवे लावले तेव्हापासून ज्योतीचे हलणे थांबले, आणि स्थिर दिव्यासमोर बेगड नुसताच चमकत राहतो. विजेचे दिवे लावावयाचेच असतील तर ते थोडे, पिवळसर आणि खोडाच्या जवळ, आतल्या बाजूस असावेत. म्हणजे काचगोळ्यावर उजेड मागून येतो, काडाच्या चांदणीच्या रेषा उठून दिसतात आणि सुयांची सावली भिंतीवर पडते. जड काच आणि लाकूड खोडालगत, जाड फांद्यांवर. काड, कागद आणि बिस्किटे टोकांकडे. खालच्या फांद्यांवर काच ठेवू नये, कारण ती उंची मुलांची आहे, आणि तेथे मेंढ्या असाव्यात.

कोकण किनाऱ्यावर आणि गोव्यात नाताळच्या झाडाचे काम पुष्कळ घरांत सुरूची फांदी करते. तिच्या लवचीक, खाली झुकलेल्या काड्यांना काचेचा भार सोसवत नाही, आणि बेगड टाकला तर ती सगळीच्या सगळी बुडून जाते. तिला शोभतात त्या कागदाच्या हलक्या चांदण्या. गोव्यात आणि वसईकडच्या गावांत बांबूच्या कामट्यांवर कागद चढवून केलेला तारा घराबाहेर टांगतात, आणि गव्हाणीच्या देखाव्यासाठी आधीच नाचणी पेरून तिचे हिरवे कोंब काढून ठेवतात. ज्यांना हे येते त्यांना झाड सजविण्यासाठी बाजारातून चंदेरी दोर आणण्याची आवश्यकता का भासावी, हे मला उमगत नाही. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिक व थर्माकोल यांवर निर्बंध घातल्यानंतर गणपतीची मखरे पुन्हा कापड, कागद आणि बांबू यांची होऊ लागली. तो हात, ती कातर आणि ती खळ घरात आहेतच.

जर्मनीत दरवर्षी दोन कोटींहून अधिक झाडे विकली जातात, आणि बहुतेक घरांतून ती ६ जानेवारीच्या, तीन राजांच्या सणानंतर बाहेर पडतात. नगरपालिका ती रस्त्याच्या कडेवरून गोळा करून त्यांचा भुसा किंवा खत करतात, आणि त्यासाठी दरसाल एकच अट घालतात, की झाड पूर्णपणे उघडे असले पाहिजे. कारण सुयांत अडकून राहिलेली धातूची वा प्लॅस्टिकची पट्टी यंत्राने वेगळी करता येत नाही आणि खताबरोबर शेतात जाते. प्राणिसंग्रहालयांतील हत्ती आणि उंट फरच्या फांद्या आवडीने खातात, परंतु तेथील अधिकारी घरगुती झाडे स्वीकारीत नाहीत. दुकानदारांकडे न विकता शिल्लक राहिलेली, कोणाच्याही दिवाणखान्यात न गेलेली झाडेच ते घेतात. काच, लाकूड आणि काड यांनी सजविलेले झाड उतरवावयास एक संध्याकाळ पुरते. काचगोळे पुठ्ठ्याच्या कप्प्यांत, मेंढ्या चिंधीत, चांदण्या दोन वहीच्या पानांमध्ये दाबून ठेवाव्या लागतात. बिस्किटे बहुधा तोपर्यंत संपलेली असतात.